जर्मनी जेवला का?

जून महिन्यात लखनौला आपण होऊन येणारा माणूस एक तर आंब्याचा व्यापारी असतो, नाही तर परदेशी विद्यार्थी. व्यापाऱ्याला निदान आपण कशासाठी आलोय ते माहीत असतं.

युरोपात उन्हाळा हा संशोधनाचा हंगाम आहे. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत 1962 पासून उन्हाळी विद्यार्थी जातात. व्याख्यानं ऐकतात, प्रयोग करतात आणि संध्याकाळी तळ्याकाठी गार वारं खातात. जर्मनीची 'राइज' नावाची योजना 2005 पासून चालू आहे. त्याही आधीची, पार 1948 सालातली 'आयएस्टे' नावाची संघटना. महायुद्ध संपून तीन वर्षंही झाली नव्हती. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात दहा युरोपीय देशांची माणसं जमली आणि त्यांनी ठरवलं की एकमेकांवर बॉम्ब टाकून झालेत, आता एकमेकांकडे इंजिनिअरिंगची मुलं पाठवून पाहू. तत्त्व सरळ होतं. तुम्ही आमची जेवढी घ्याल तेवढी आम्ही तुमची घेऊ. आपल्याकडे लग्नात याला साटंलोटं म्हणतात, आणि साटंलोट्यात पोरांना काय वाटतं ते विचारायची पद्धत नाही.

आमच्या कॉलेजानं अशाच तत्त्वावर बाहेरच्या काही विद्यापीठांशी करार केला. त्यांना आमच्याकडून उन्हाळ्यात विद्यार्थी हवे होते. आम्हाला त्यांच्याकडून फोटो हवे होते. डायरेक्टरसाहेबांनी मला बोलावून समन्वयक केलं.

"मीच का, सर?"

"आप भी परदेसी, वो भी परदेसी," ते अत्यंत प्रेमानं म्हणाले.

मी कराडचा. लखनौत माझे केस पांढरे झाले, इथल्या दशहरी आंब्यानं माझी साखर वाढली, तरी मी परदेशीच. भातखंडे आठवून मी मनाची समजूत घातली. विष्णु नारायण भातखंडे मुंबईहून इथे आले आणि 1926 मध्ये त्यांनी संगीताचं महाविद्यालय उभं केलं. कल्पना मराठी माणसाची, खटपट राय उमानाथ बलींची आणि नाव मात्र गव्हर्नर मॅरिस यांचं. भातखंड्यांचं नाव पाटीवर यायला 1966 साल उजाडलं. त्या मानानं मला निदान ओळखपत्र लगेच मिळालं. त्यावर माझं आडनाव चुकलं होतं, पण 'इंटरनॅशनल' हा शब्द बरोबर होता.

तयारीसाठी समिती नेमली गेली. समितीनं पाहुण्यांच्या खोल्या, पाणी, प्रयोगशाळा हे विषय पाचेक मिनिटांत उरकले आणि उरलेली दुपार बॅनरवर चर्चा केली. बॅनर निळा असावा की भगवा, त्यावर जगाचा नकाशा असावा की इमामबाडा, आणि डायरेक्टरसाहेबांचा फोटो जगाच्या नकाशावर कुठे यावा, हे तीन मुद्दे होते. शेवटी तो अटलांटिक महासागरात ठेवला, कारण तिथे जागा होती.

पैशांची फाइल मात्र हलेना. रजिस्ट्रार म्हणायचे, आधी अकाउंट्सची सही होऊ द्या. अकाउंट्सवाले म्हणायचे, हुजूर, आधी रजिस्ट्रारसाहेबांची. लखनौचं 'पहले आप' रेल्वेच्या दारात आता कुणी पाळत नाही. ती सगळी तहजीब कचेऱ्यांत येऊन राहिली आहे.

या गावात विद्यापीठाजवळ बिरबल सहानींची पुरावनस्पतींची संस्था आहे. 1949 मध्ये नेहरूंनी तिची कोनशिला बसवली, त्या शिलेत खरेखुरे जीवाश्म जडवलेले आहेत. आमची फाइल मला त्याच वाटेनं जाताना दिसत होती.

पाहुणे आले. चौघं होते. एक बर्लिनचा मुलगा, एक पोलंडचा, एक मुलगी ब्राझीलची आणि एक टांझानियाची. नावं कुणाच्याच जिभेवर बसेनात. पोलिश नावात तर स्वर शोधायलाच दुपार जायची. तेव्हा आमच्या शिपायानं पहिल्याच दिवशी तोडगा काढला आणि सगळ्यांना देशाच्या नावानं हाक मारायला सुरुवात केली. त्यानंतर माझा दिवस असल्या वार्तांनी उजाडायचा:

"साहब, ब्राझील अभी सो रही हैं."

"जर्मनी का पेट खराब है."

"पोलंड साहब पूछ रहे हैं, पानी कब आएगा."

घरीही तेच. दोघा मुलांची सोय आमच्या वरच्या खोल्यांत केली होती. बायको जिन्यातून विचारायची, "अहो, जर्मनी जेवला का?" समोरच्या घरातले निवृत्त तहसीलदार हे ऐकून आठवडाभर अस्वस्थ होते.

उद्घाटनाला प्रमुख पाहुण्यांनी प्राचीन भारतातल्या विमानांवर भाषण केलं. त्यातच पंखे बंद पडले. मग सत्कार. शाल-श्रीफळ हवंच, असा आग्रह मी महाराष्ट्राच्या वतीनं धरला होता. बाहेर 44 अंश आणि पाहुण्यांच्या खांद्यावर लोकरीची शाल. पोलंडनं ती दोन्ही हातांनी धरून मला कुजबुजत विचारलं, "ही उष्णतारोधक आहे का?" भौतिकशास्त्राचा विद्यार्थी. त्याला वाटलं, यामागे काही तरी विचार असणार.

आणि टांझानिया. तिला येणारा-जाणारा प्रत्येक जण सांगायचा, "आपको तो गर्मी नहीं लगती होगी!" प्राध्यापक सांगायचे, कँटीनवाला सांगायचा, आमच्या शेजारीण आजी तर तिचा हात हातात घेऊन सांगायच्या. ती बिचारी घामानं निथळत हसायची. एकदा तिनं फळ्यावर आफ्रिकेचा नकाशा काढून दाखवला. ती अरुशाची. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे 1400 मीटर उंच, मेरू पर्वताच्या पायथ्याशी. जूनमध्ये तिथे सकाळी अंगावर काही तरी घ्यावं लागतं. सगळ्यांनी नकाशा कौतुकानं पाहिला. डायरेक्टरसाहेब म्हणाले, "बहुत खूब. फिर भी, अफ्रीका तो अफ्रीका है." त्यानंतर तिच्या खोलीतला एसी काढून ब्राझीलच्या खोलीत बसवण्याचा प्रस्ताव समितीपुढे आला, तो मी हाणून पाडला. माझ्या समन्वयाचं एवढं एकच ठोस यश मला सांगता येईल.

परदेशी माणूस तुमच्या घरी उतरला, की 24 तासांच्या आत सरकारला फॉर्म सी भरून कळवावं लागतं. भरायचा घरमालकानं. कुठून आला, कशासाठी आला, किती दिवस राहणार, इथून पुढे कुठे जाणार. जर्मनीला मी विचारलं, "इथून पुढे कुठे जाणार?" तो प्रवासानं शिणला होता. बराच वेळ छताकडे पाहून म्हणाला, "इथून पुढे काय आहे?" मी 'बर्लिन' लिहून टाकलं. तत्त्वज्ञानासाठी फॉर्मात रकाना नव्हता.

आता संशोधन.

जर्मनीचा विषय होता अतिशीत तापमानातली पातळ धातुपटलं. लखनौत जूनमध्ये अतिशीत तापमान हा विषय निवडणारा माणूस एक तर द्रष्टा असला पाहिजे, नाही तर त्यानं हवामानाचं पान पाहिलेलं नसावं. द्रव नायट्रोजन उणे 196 अंशांवर उकळतो. तो पिंपात येणार होता. पिंप आलं, झाकण उघडलं, आत थोडा धूर आणि तळाशी गारवा.

"नायट्रोजन कहाँ गया?" मी स्टोअरकीपरला विचारलं.

"हवा हो गया, साहब."

बावीस वर्षांच्या जर्मन मुलाला हे भाषांतर करून सांगितल्यावर तो म्हणाला, "बरोबर आहे." आणि बरोबरच होतं. हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. आमच्या स्टोअरकीपरनं तो घरी पोचवला होता. पुढचं पिंप भरून आलं, तेव्हा अख्खं भौतिकशास्त्र त्याच्याभोवती जमलं. रसायनवाले आले, लायब्ररियन आल्या, लिपिक आला. सगळे पिंपाजवळ गाल नेऊन उभे. पटलांची मोजमापं राहून गेली, पण प्रयोगशाळेत एवढी उपस्थिती मी आजवर पाहिलेली नाही.

पोलंडचं उपकरण कस्टममध्ये अडकलं होतं, म्हणून मी त्याला आमच्या घरचा कूलर दिला. दिला म्हणजे अभ्यासायला. कोरडी लू वाहते तेव्हा खसच्या ताट्या भिजवलेला साधा कूलर 44 अंशांची हवा तिशीच्या आत आणतो. पाणी वाफ होताना हवेतली उष्णता खेचून घेतं, एवढंच त्यातलं गुपित. नवाबांना ते ठाऊक होतं, म्हणून ताट्या भिजवायला माणसं होती आणि वाड्यांखाली तळघरं होती. गोमतीकाठच्या छत्तर मंझिलच्या बेगमा याच युक्तीनं उन्हाळा काढत. स्वातंत्र्यानंतर 1951 मध्ये त्याच महालात देशाची औषध संशोधन संस्था सुरू झाली आणि अर्ध्या शतकाहून अधिक काळ तिथेच चालली. शास्त्रज्ञांनाही गारवा लागतो.

पोलंडनं कूलरच्या पुढे-मागे तापमापक टांगले, तासातासाला नोंदी घेतल्या, सुरेख आलेख काढला. जूनच्या अखेरीला पाऊस आला. हवेत आधीच पाणी भरल्यावर कूलरचं पाणी जाणार कुठे? आलेख आडवा झाला. कूलर आता खोलीत फक्त दमट आवाज सोडत होता. पोलंड आनंदानं नाचत खाली आला. सिद्धांत अचूक ठरला होता. बायको म्हणाली, "त्याला म्हणावं, हे मला विचारलं असतंस तर मी मेमध्येच सांगितलं असतं."

त्या रात्री वीज गेली, मग एकाच फेजची आली. जर्मनीच्या खोलीत अंधार आणि पोलंडच्या खोलीत पंखा चालू. सकाळी शिपाई धापा टाकत आला, "साहब, रात को जर्मनी पोलंड में घुस गया!" समोरचे तहसीलदार फाटकाशीच उभे होते. ते इतिहासाचे पदवीधर. त्यांनी दोन्ही बाजूंशी स्वतंत्रपणे बोलणी केली आणि पंखा मध्ये ठेवून तह घडवून आणला.

संशोधनाला वेळ मिळत नव्हता, कारण आदरातिथ्य चालू होतं. पाहुण्यानं दोन तास प्रयोगशाळेत काढले की आमच्यातल्या कुणाला तरी वाटायचं, बिचारा कंटाळला असेल, आणि गाडी निघायची. रोज कुणी तरी त्यांना चिकनचा कुर्ता घेऊन द्यायचं. महिनाभरात चौघं लखनौच्या लोकांपेक्षा लखनवी दिसायला लागले.

बडा इमामबाडा अर्थातच झाला. 1784 च्या दुष्काळात नवाब आसफउद्दौलानं लोकांना काम मिळावं म्हणून तो बांधायला घेतला. दिवसा मजूर बांधायचे आणि रात्री, तोंड दिसू नये म्हणून अंधारात, अब्रूदार उमराव थोडं पाडायचे, म्हणजे दोघांनाही मजुरी, अशी दंतकथा आहे. आमच्या शैक्षणिक समितीचं काम अजूनही याच पद्धतीनं चालतं, फक्त पाडणारे दिवसाढवळ्या येतात. मधल्या दालनाची लांबी सुमारे 50 मीटर, आणि छताला ना तुळई ना खांब. गाइडनं एका टोकाला काडी ओढली, दुसऱ्या टोकाला आम्हाला ती ऐकू आली. ब्राझील स्थापत्याची विद्यार्थिनी, ती लगेच कमानींची चित्रं काढू लागली. पोलंडनं हिशेब केला, "या तापमानाला आवाज सेकंदाला साडेतीनशे मीटरहून जरा जास्त वेगानं जातो. म्हणजे सेकंदाच्या सातव्या हिश्श्यात इथे पोचला."

गाइड दुखावला. "साहब, अंग्रेज़ भी नहीं समझ पाए थे."

वर भुलभुलैया. आत जायच्या वाटा 1024 आणि बाहेर यायच्या दोन, असं गाइड सांगतात. भावी इंजिनिअरांनी गाइड नाकारला. उजवा हात भिंतीला लावून चालत राहिलं की कुठल्याही चक्रव्यूहातून बाहेर पडता येतं, हा नियम त्यांनी मला समजावून दिला. नियम सपाट कागदावर, तोही सगळ्या भिंती एकमेकींना जोडलेल्या असल्या तर, खरा आहे. इथे जिने आहेत. आम्ही उजवा हात भिंतीला लावून त्याच झरोक्याशी वारंवार येत राहिलो आणि खाली अंगणात बसलेल्या गाइडला दिसत राहिलो. तो दर वेळी अदबीनं सलाम करायचा. शेवटी टांझानियानं चिप्स खात चाललेला एक शाळकरी मुलगा हेरला आणि मुकाट्यानं त्याच्या मागे चालू लागली. आम्ही तिच्या मागे.

खरं तर आंतरराष्ट्रीय विज्ञानाचा हा खेळ लखनौला नवा नाही. नवाब नसीरुद्दीन हैदरला वेधशाळेची हौस आली, तीही ग्रिनिचच्या तोडीच्या. दुर्बिणी आणि यंत्रं लंडनच्या ट्राउटन अँड सिम्स कंपनीची, ज्योतिर्विद इंग्रज. कॅप्टन हर्बर्ट आले आणि 1833 मध्ये वारले. मग विल्कॉक्स आले. त्यांनी वर्षानुवर्षं आकाश मोजलं आणि 1848 मध्ये तेही वारले. पुढच्या वर्षी वाजिद अली शाहनं वेधशाळा बंद केली. इतक्या वर्षांच्या नोंदी किड्यांनी खाल्ल्या असं सांगतात. म्हणजे परदेशी तज्ज्ञ, महागडी यंत्रं, अहवाल नाही. आम्ही परंपरा सोडलेली नाही.

ती इमारत अजून उभी आहे, तारोंवाली कोठी म्हणतात तिला, आणि तिथे आता बँक आहे. जर्मनीला ती पाहायचीच होती. दारातल्या रखवालदाराला मी सांगितलं, हे लांबून तारे बघायला आलेत. त्यानं आम्हा सगळ्यांकडे आलटून पालटून पाहिलं आणि समजावणीच्या सुरात म्हणाला, "जनाब, तारे तो रात को निकलते हैं. बैंक शाम को बंद हो जाता है."

मलिहाबादला जाणं मात्र मी लांबवत होतो. ते वैयक्तिक होतं. देवगडचा हापूस मेअखेरीला संपतो आणि दशहरी जूनमध्ये येतो, त्यामुळे लखनौत दरवर्षी हापूस न खेळताच हरतो. एक पेटी मी राष्ट्रकार्य म्हणून फ्रिजमध्ये अडवून ठेवली होती, पण वीज गेली त्या रात्री तीही कामास आली. शेवटी गेलो. बागेत बादलीभर गार पाण्यात दशहरी बुडवून ठेवले होते. बागवाले मियाँ म्हणाले, असा आंबा आणखी कुठे खाल्लाय का? मी कोकणच्या वतीनं घसा साफ केला, तेवढ्यात ब्राझील म्हणाली, "आमच्या बेलेंमध्ये रस्त्यांच्या दुतर्फा आंब्याची झाडं आहेत. पडतात ते कुणीही उचलावेत. गाड्यांच्या काचा फुटतात."

फुकट! आणि काचा फुटतात! मियाँ आणि मी एकमेकांकडे पाहिलं. लखनौ आणि रत्नागिरी यांच्यातलं वैर त्या क्षणी संपलं. मी तिला सुनावलं की तुमच्याकडे आंबा नेला तो पोर्तुगीजांनी, आणि नेला तो इथूनच. मियाँ म्हणाले, "वापस माँग लीजिए." ती मात्र बादलीकडे बघत होती. काही आंबे तळाशी, काही तरंगत. तळाशी गेलेले पुरते भरलेले, तरंगणारे अजून कच्चे, असं मियाँनी सांगितलं. झालं! तिनं तराजू मागवला, घनता मोजल्या, आणि मोजलेली प्रत्येक वस्तू तिथेच खाल्ली. चार जणांपैकी वेळेत पूर्ण झालेला अहवाल तो एकच. पुरावा शिल्लक नाही.

जर्मनीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. लखनौच्या चौकात, सराफ्यात, विटा-आटपाडीकडची गलाईवाली मंडळी आहेत. सराफांचं जुनं सोनं आटवायचं, शुद्ध करायचं, हा त्यांचा पिढीजात धंदा. गणपतीत आमची भेट होते. एरवी आम्ही नोकरीवाले त्यांच्या गल्लीत फारसे जात नाही, आम्हाला उकडतं. नायट्रोजनचं पिंप संपलं तेव्हा मी जर्मनीला तिकडे नेलं. हातभर रुंदीचं दुकान, भट्टी, मूस, टाकणखार, तेजाबाच्या बाटल्या. सोनं 1064 अंशांवर वितळतं. बाहेरच्या 44 अंशांत तेवढी भर घालून जर्मनी तिथे उकिडवा बसला तो बसलाच.

"ओ पाहुणं, जरा मागं सरका, तेजाब हाय," दुकानदार त्याला सरळ मराठीत म्हणाले, आणि तो सरकला. तो रोज जाऊ लागला. त्यांनी कसोटीच्या दगडावर अंगठी घासायची, वर तेजाबाचा थेंब, आणि सांगायचं, "बावीसला कमी." जर्मनीनं तोच नमुना क्ष-किरणांच्या यंत्रावर तपासून आणला. बावीसला कमी. त्यानं मला दुभाषा करून विचारलं, "तुमच्या मोजमापात त्रुटी किती असते?"

"चुकलं तर दुकान जातंय," ते म्हणाले. "तेवढीच."

अहवालात आम्ही याला 'औद्योगिक भेट' असं लिहिलं.

समारोपाला पुन्हा शाल निघाली. प्रमाणपत्रांवर चौघांचीही नावं चुकली, पण सारख्या प्रमाणात चुकली, त्यामुळे कुणाला वाईट वाटलं नाही. नंतर डायरेक्टरसाहेबांनी रँकिंगची कागदपत्रं काढायला लावली. 2015 मध्ये केंद्र सरकारनं जी क्रमवारी सुरू केली, तीत दुसऱ्या राज्यांतल्या आणि देशांतल्या विद्यार्थ्यांना गुण असतात. आमच्या तरुण लिपिकानं नियम वाचून दाखवला. अभ्यासक्रमाला रीतसर प्रवेश घेतलेलेच मोजतात. उन्हाळ्यात आंबे खाऊन गेलेले नाहीत.

साहेब क्षणभर गप्प झाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आप तो महाराष्ट्र से हैं ना? कोई डिग्री में दाख़िला क्यों नहीं ले लेते?"

साटंलोट्यातली आमची चार मुलंही तिकडून परत आली. जाताना घरच्यांनी प्रत्येकाला दोन स्वेटर आणि चार किलो लोणचं दिलं होतं. काय शिकलात विचारलं तर सगळे एकसुरात म्हणाले, "सर, वहाँ पाँच बजे सब घर चले जाते हैं." पोलंडला गेलेल्या पोराला तिथे सगळे 'इंडिया' म्हणत.

पुढच्या वर्षीचे अर्ज आले आहेत. फिनलंडचे दोघे आहेत, एकीचा विषय बर्फ आहे. वाचकांपैकी कुणाचं लखनौत घर असेल, वरच्या मजल्यावर हवेशीर खोली असेल, विजेच्या दोन्ही फेजा येत असतील, तर कृपया कळवा. जेवणाची फार काळजी नको, आंबे चालतात. फॉर्म सी मी भरून देईन.